दिवा वाढव

केनवडात लग्नाचा फोटो निघत असताना कोणी मधूनच "नवरदेव, अर्धं पाऊल मागं. मामाले बाजूले घ्या, खांबासारखे उभे हायत" असं ओरडलं की बाहेरगावचे पाहुणे चमकतात. गावकरी चमकत नाहीत. नवरदेव निमूटपणे अर्धं पाऊल मागं जातो आणि मामा बाजूला होतात. गेली पन्नास वर्षं हे असंच चाललंय.

ओरडणारे इंद्रभान अवचार. वय एकोणनव्वद. गावात त्यांना डायरेक्टर म्हणतात, आणि ते टोपणनाव नाही. १९६१ ते १९७४ या काळात त्यांनी चार मराठी चित्रपट दिग्दर्शित केले. वडिलांनी वकील व्हायला अमरावतीला धाडलं होतं. पोरगा तिथून कोल्हापूरला पळाला आणि स्टुडिओत आधी पाट्या धरल्या, मग नटांचे कपडे मोजले, मग एका मोठ्या दिग्दर्शकाचा चौथा सहायक झाला. चौथ्या सहायकाचं काम काय, असं मी एकदा विचारलं होतं. "तिसरा शिव्या द्याले लागला का खाल्ल्यासारखं करणं," असं उत्तर मिळालं.

पहिला चित्रपट सासू-सुनेचा, बरा चालला. दुसरा तमाशातल्या बाईचा, चांगला चालला. चौथा पौराणिक होता आणि त्यातला रथ पहिल्याच खेळात लोकांना हसवून गेला, त्याबद्दल डायरेक्टर बोलत नाहीत. चौथ्यानंतर ते परत आले, हळद लावली, सोयाबीन पेरलं, पंचायतीत एकदा निवडून आले आणि एकदा पडले. बैल विकत घेतानाही दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकट करायचे आणि तीतून बैल पाहायचे. विकणारा घाबरायचा.

राहिला तिसरा. 'धुऱ्यापलीकडे', साल १९६६. धुरा म्हणजे शेताची हद्द. जवळजवळ सगळं चित्रीकरण केनवडात झालं. हा चित्रपट चालला नाही, पण टिकला. पुण्यामुंबईकडचे जाणकार अजून त्याच्याबद्दल लिहितात, आणि लिहितात ते मुख्यतः एका दृश्याबद्दल. नवऱ्याचं मयत उचलून नेलंय, नायिका रिकाम्या घरात भिंतीला टेकून बसली आहे, सांज झाली आहे. प्रेक्षक अंधाराची वाट पाहतो. अंधार होत नाही. उलट उजेड हळूहळू चढत जातो, भिंत उजळते, नायिका दचकून त्या उजेडाकडे पाहते आणि पाहतच राहते. एवढंच. एका विद्वानाने या पाऊण मिनिटावर नऊ पानं लिहिली आहेत.

ते दृश्य कसं घडलं ते वाशीम जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि ते मीच ठाऊक करून दिलंय, कारण मी इथला वार्ताहर आणि ही गोष्ट मी सात वेळा छापली आहे. दर वेळी मथळा एकच: गोविंदाची चूक.

गोष्ट अशी. चित्रीकरण डायरेक्टरच्या काकू कमलीबाई यांच्या घरात होतं. त्यांनी घर दिलं ते एका अटीवर. दिवेलागणीनंतर माझ्या घरात कोणी 'विझव' म्हणायचं नाही. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. जे संपू नये असं वाटतं त्याच्या संपण्याला आपण वाढणं म्हणतो. पटकथेत लिहिलं होतं: दिवा विझतो, अंधार. दिवा चौकटीत दिसत नव्हता, फक्त त्याचा उजेड दिसायचा, आणि तो उजेड होता एका लपवलेल्या बल्बचा. त्या बल्बचा डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायची मूठ, गोविंदा पडघान याच्या हातात होती. आवाज नंतर भरायचा असल्यामुळे ओरडायला हरकत नव्हती. डायरेक्टर काकूंना भिऊन ओरडले, "गोविंदा, दिवा वाढव!" आणि गोविंदानं वाढवला. म्हणजे खरंच वाढवला. डायरेक्टरचं तोंड उघडं राहिलं, 'कट' म्हणायचं सुचलं नाही, आणि तेवढ्यात कॅमेऱ्यातली फिल्म संपली. तो शेवटचा डबा होता. नटीला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. राहिलं ते राहिलं.

सांगायला इतकी सोपी गोष्ट, आणि हशा हमखास. डायरेक्टर प्रत्येक सत्कारात ती सांगत. शेवटी थोडं थांबून म्हणत, "अशी कला घडते, मंडळी. अडाण्याच्या चुकीतून." टाळ्या.

हा गोविंदा मूळचा इंझोरीचा, बौद्ध घरातला. वाशीमला एका मंडपवाल्याकडे ग्यासबत्त्या लावायचं काम करायचा. एका लग्नात डायरेक्टरनं पाहिलं की हा पोरगा नवरीच्या तोंडावर सावली पडू देत नाही. बत्ती हातात धरून तिच्या चालीनं मागं सरकतोय. तिथूनच त्याला उचलला. दोन चित्रपट केले त्यानं त्यांच्याकडे, आणि श्रेयनामावलीत नाव एकातही नाही. त्या काळी बत्तीवाल्याचं नाव टाकत नसत, असं डायरेक्टर सांगतात, आणि ते खरंही आहे. मग तो वाशीमला परतला, विजेच्या ऑफिसात लागला, तीस वर्षं खांबावर चढला आणि उतरला. गावात व्होल्टेज वाढून कोणाचा पंखा जळाला की लोक म्हणायचे, "वाढव्यानं वाढवलं वाटते." वाढव्या हे नाव त्याला माझ्या पहिल्या बातमीनंतर पडलं. त्याचा मुलगा अश्वजित शाळेत 'वाढव्याचा' होता. नात रत्नमाला 'वाढव्याची'.

आता रत्नमाला वाशीमच्या कोर्टात कारकून आहे. यंदा उन्हाळ्यात ती माझ्या घरी आली. पुण्यात कोणीतरी 'धुऱ्यापलीकडे'ची जुनी प्रिंट धुऊनपुसून नवी केली होती. दिवाळीनंतर वाशीमला तिचा खेळ होणार होता आणि हौशी मंडळी एक पुस्तिका काढणार होती. तिच्यातला मुख्य लेख माझ्याकडे आला होता. हे तिला कळलं होतं.

"काका, एकच काम हाय," ती म्हणाली. "आबांचं म्हणणं हाय, लेखात 'चूक' शब्द नका टाकू."

"मग गोष्टच काय राहिली?" मी म्हणालो. "त्या शब्दावर तर उभी आहे ती."

"ते मले नाही माहीत. त्यायनं आजपर्यंत कोनाले काही मांगलं नाही. पंच्याऐंशी वर्षांचे हायत. पुस्तिका घरात राहीन, आमच्या पोरायच्या हातात जाईन. तिच्यात तरी हे नसावं म्हणतात."

मी जरा चिडलोच. मनात म्हटलं, चुकीमुळे तर म्हाताऱ्याचं नाव झालं, नाहीतर त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. तरी मी गेलो त्याच्याकडे. गोविंदा ओट्यावर बसून टॉर्चचे सेल उन्हात वाळत घालत होता. सेल वाळवले की थोडे चालतात, हे मला त्यानं सांगितलं. चुकीबद्दल मात्र काही सांगितलं नाही.

"चूक नव्हती तर काय होतं?" मी विचारलं.

"साहेबांले इचारा," तो म्हणाला.

साहेब म्हणजे डायरेक्टर. मी केनवडला गेलो. डायरेक्टर अंगणात खुर्चीवर बसून मुलाला, विकासला, ट्रॅक्टर कसा वळवायचा ते सांगत होते. विकास साठीला आलाय आणि ट्रॅक्टर त्यांच्यापेक्षा बरा वळवतो. मी रत्नमालेचं म्हणणं सांगितलं. ते हसले.

"मदनसिंग, मी म्हटलं वाढव, त्यानं वाढवला. याले दुसरा शब्द काय? चूक ते चूक. अन् मी काही त्याले नावं ठेवत नाही. उलट त्याच्यामुळे माहा पिक्चर वाचला हे मी भर सभेत सांगतो."

"अडाणी म्हणून सांगता," आतून आवाज आला. सोजरबाई, त्यांच्या पत्नी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या फार बोलत नसत. त्या दिवशीही त्याहून जास्त बोलल्या नाहीत.

मी परत आलो आणि लेख लिहिला. मथळा तोच ठेवला. रत्नमालेला फोन करून सांगितलं की डायरेक्टरच ऐकत नाहीत, माझा नाइलाज आहे. नाइलाज हा शब्द आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतो. ती 'बरं' म्हणाली. पुस्तिका छापायला जायला अजून बरेच महिने होते. खरं सांगायचं तर मला त्या 'बरं'चा राग आला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याच्या आधी आठ दिवस सोजरबाई गेल्या. दुपारचं जेवण झालं, कलंडल्या, उठल्याच नाहीत. पासष्ट वर्षांचा संसार.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला निघालो तर रत्नमालेचा फोन. आबा येतो म्हणतात, तुमच्या गाडीत जागा आहे का. वाशीमहून मालेगावमार्गे जाताना तासभर गोविंदा खिडकीतून रस्त्याकडेचे विजेचे खांब पाहत राहिला. केनवडच्या फाट्यावर मात्र म्हणाला, "बाई लय चांगल्या होत्या. शूटिंगच्या टायमाले मले चहा बाहेर देत, पन कपात देत. बाकीचे करवंटीत देत." हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. बाईंची आठवण सांगत होता.

घर तेच. कमलीबाईंना मूलबाळ नव्हतं, त्यांच्यामागं ते इंद्रभान यांच्याकडे आलं. आता वर स्लॅब आहे, खाली टाइल्स आहेत, पण मधली खोली जुन्याच जागी आहे. ज्या खोलीत ते दृश्य झालं तीच. चित्रीकरणाच्या वेळी गोविंदा या खोलीत नव्हता. कमलीबाईंनी त्याला आत येऊ दिलं नव्हतं. त्याचा डिमर मागच्या पडवीत होता, वायर झरोक्यातून आत घेतली होती आणि त्या झरोक्याला डोळा लावून तो काम करायचा. हे मला माहीत होतं. सातपैकी एकाही बातमीत मी ते लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

खोलीत सतरंजी होती. गावातली सात-आठ माणसं बसली होती. डायरेक्टर भिंतीला टेकून बसले होते आणि कोणी कुठं बसावं हे सांगत नव्हते. कोपऱ्यात, सोजरबाई जिथं गेल्या त्या जागेवर, जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता. सून वैजयंती अधूनमधून येऊन त्यात तेल घालून जायची. दहा दिवस तो तेवत ठेवायचा असतो.

आम्ही आत गेलो. गोविंदा उंबऱ्यापाशी थबकला, चपला काढल्या, आणि आत येऊन डायरेक्टरसमोर बसला. आपल्याकडे अशा वेळी बोलायचं नसतंच, बसायचं असतं.

सांज होत आली होती. कोणीतरी मागचं दार उघडलं आणि वारा आत शिरला. ज्योत आडवी झाली, निळी पडली, जाते की राहते अशी. वैजयंती स्वयंपाकघरात होती. बाकीचे आम्ही नुसते "अरे, अरे" करत राहिलो. पंच्याऐंशी वर्षांचा गोविंदा बसल्या जागेवरून दोन्ही हात टेकत, गुडघ्यांवर सरकत दिव्यापाशी गेला. दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. वारा थांबेपर्यंत तसाच राहिला. मग शेजारी पडलेली काडी घेऊन वात थोडी वर सारली. ज्योत सरळ झाली आणि मोठी झाली. भिंत उजळली. डायरेक्टरच्या तोंडावर उजेड आला.

डायरेक्टर त्या उजेडाकडे पाहत होते. मी चित्रपट चार वेळा पाहिलाय. नटी असंच पाहते.

"गोविंदा," ते म्हणाले.

"जी, साहेब."

"तुले तवा समजलं होतं."

गोविंदा दिव्यापासून हलला नाही. "काय समजलं होतं?"

"मी वाढव म्हटलं तं कायले म्हटलं, ते."

"समजलं होतं ना, साहेब. मी काय परदेशातून आलो होतो? माही मायबी दिवा वाढवच म्हने."

खोलीतली माणसं आता त्या दोघांकडे पाहायला लागली होती.

"मंग तू चढवला काहून?"

गोविंदानं काडी खाली ठेवली. "सकाळीच तुमी मयत उचलल्याचं शूटिंग केलं होतं. बाई एकटी घरात. अन् तुमी म्हनता दिवा घालव. मयताच्या घरातला दिवा कोनी घालवते काय, साहेब? तवा तं तो लावते. माही माय मेली तवा मी नऊ वर्षांचा होतो. आमी तवा बौद्ध झालो नव्हतो, जुन्याच रीतीत होतो. बाप कामाले जाये, अन् मले दिव्यापाशी बसवून जाये. म्हने, हा गेला तं तिले वाट दिसनार नाही. दहा दिवस मी असा हात लावून बसलो होतो." त्यानं तळवे पुन्हा ज्योतीभोवती धरून दाखवले. "तुमचा आवाज आला, अन् माह्या हातानं मूठ खाली जायेच ना. वरच गेली."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी ट्रॅक्टर बंद केला.

"मंग सांगतलं काहून नाही?" डायरेक्टर म्हणाले. "अठ्ठावन्न वर्षं झाली. भर सभेत मी तुले अडाणी म्हनून राह्यलो. तू समोर बसून राहे. एका शब्दानं सांगाचं होतं."

"तुमी इचारलं कुठं, साहेब?" गोविंदा म्हणाला. त्यात राग नव्हता. असता तर ऐकायला सोपं गेलं असतं. "तुमी सांगत राह्यले. इचारलं कोनीच नाही."

कोणीच नाही, यात मी होतो. मी सात वेळा छापलं. ओट्यावर बसून त्याला विचारलं ते अठ्ठावन्न वर्षांनी, आणि तेही चिडून, आणि "साहेबांले इचारा" एवढं उत्तर घेऊन निघालो. मला लाज वाटली. ती मी इथं लिहून ठेवतो, कारण आमच्या धंद्यात ती छापायला जागा नसते.

डायरेक्टरनं हात पुढं केला. मला वाटलं, गोविंदाला हात द्यायला. पण त्यांनी दिव्याच्या दुसऱ्या बाजूनं आडोसा धरला, कारण मागचं दार अजून उघडंच होतं आणि आम्हा शहाण्यांपैकी कोणाला ते लावायचं सुचलं नव्हतं. शेवटी वैजयंतीनं येऊन लावलं.

तेरवी झाल्यावर चार दिवसांनी मी लेखाचा कागद घेऊन केनवडला गेलो. नवा लिहिला होता. त्यात झरोका टाकला होता, पडवी टाकली होती, आई गेल्यानंतरचे दहा दिवस टाकले होते. रत्नमालेच्या म्हणण्याप्रमाणे 'चूक' हा शब्द कुठंही ठेवला नव्हता. मथळ्याची ओळ मात्र जुनीच राहून गेली होती, आणि ती खोडायची हे मला त्यांच्यासमोर बसल्यावरच लक्षात आलं. मी पेन काढलं.

"थांब," डायरेक्टर म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला, सगळा लेख वाचला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि माझ्या हातातून पेन घेतलं. 'गोविंदाची' हा शब्द त्यांनी खोडला आणि वर लिहिलं: 'माझी'. 'चूक' तशीच ठेवली.

"पटकथा मी लिहिली होती," ते म्हणाले. "मयताच्या घरात दिवा घालवाचा हे मी लिहिलं होतं. या गावात जन्मलो, अन् लिहिलं. चूक ते चूक."

मग म्हणाले, श्रेयनामावलीत आता काही घालता येतं का ते पुण्याला विचार. मी विचारलं. जुन्या प्रिंटमध्ये नव्यानं नाव घालत नाहीत म्हणे, पण खेळाच्या आधी एक वेगळी पाटी दाखवता येईल. तिच्यावर काय लिहायचं ते डायरेक्टरनं फोनवरून सांगितलं: प्रकाश, गोविंदा पडघान. नावापुढं 'श्री' लावा, हेही सांगितलं.

रत्नमालेनं लेख आजोबांना वाचून दाखवला. मथळा ऐकून ते म्हणाले, "साहेबांनं स्वतः लिहिलं?" ती हो म्हणाली. मग म्हणाले, "वाच अजून एकडाव." तिनं तीन वेळा वाचला. पोरांना बोलावून घेतलं आणि चौथ्यांदा वाचला.

पुस्तिका छापायला जायच्या दिवशी छापखान्यातून फोन आला. म्हणाले, साहेब, मथळा 'माझी चूक' असा आहे आणि त्याखाली तुमचं नाव येतंय, मदनसिंग राठोड. वाचणाऱ्याला वाटेल, चूक तुमचीच. डायरेक्टरचं नाव वर घेऊ का, की तुमचं शेवटी टाकू?

मी म्हटलं, राहू द्या, बरोबर आहे.